गुरुवारचा शिरा

बालाघाट,
१२ नोव्हेंबर १९६७

भोजराज,

पोस्टकार्ड टाकू नकोस, पाकीट टाक, असं तू मागे बजावलं होतंस, म्हणून हे पाकीट. वेड्या बहिणीचं अक्षर जबलपूरच्या पोस्टमनने वाचू नये, हे मी समजू शकते. तुझी सरकारी नोकरी आहे, अब्रू आहे.

परवा इस्पितळातून पत्र आलं. कुठल्या, ते तुला सांगायला नको. त्या गावाचं नाव मी कागदावर लिहीत नाही. तिथे घनश्याम बिसेन म्हणून नवे डॉक्टर आले आहेत. ते लिहितात, इस्पितळात नर्सिंग शिकणाऱ्या मुली आहेत, त्यांच्यापुढे मी येऊन तासभर बोलावं. मी पूर्वी शिक्षिका होते, मग तिथे आजारी म्हणून राहिले, मग घरी आले, तेव्हा मुलींना माझ्याइतकं चांगलं कोण शिकवणार? गाडीभाडं देतील. चहा देतील. सही अगदी नम्र आहे. इतकी नम्र की मी पाकीट उजेडात धरून आत आणखी काही आहे का ते पाहिलं.

आता मला सांग, माझा पत्ता त्यांना कुणी दिला?

उन्हाळ्यात मी तुझ्या दारात आले तेव्हा तू काय म्हणालास ते माझ्या लक्षात आहे. "ताई, डॉक्टर लिहून देईल का तू पुरी बरी हायेस, त्या दिवशी कमलेले घेऊन जा." आत तुझी सीता भांडी आपटत होती. कमला मैत्रिणीकडे गेली होती. त्याच्या आधी आले तेव्हाही ती मैत्रिणीकडेच गेली होती. कसली मैत्रीण आहे ही, जिला माझ्या गाडीची वेळ ठाऊक असते? माझी पोरगी पाच वर्षांची असताना तू घेऊन गेलास, आता ती बारा वर्षांची आहे आणि मी तिला तेव्हापासून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पत्रं तेवढी येतात, हिंदीत. 'पूज्य माताजी, सादर चरणस्पर्श, मैं यहाँ कुशल हूँ.' बारा वर्षांची पोर आईला असं लिहीत नाही, भोजराज. असं तुझ्या कचेरीतले लोक साहेबाला लिहितात.

आणि तू डॉक्टरचा कागद मागितल्यावर सहा महिन्यांत डॉक्टरचंच बोलावणं येतं. कुठेतरी पाणी मुरतंय. मी त्या दारातून आत पाय टाकला की मागून कडी लागणार नाही कशावरून?

गंमत बघ. ही शंका दुसऱ्या कुणाला आली असती तर लोक म्हणाले असते, बाई हुशार आहे. मला आली की म्हणतील, आजार उलटला.

मी जाणार नाही.

लीला

*

बालाघाट,
२६ नोव्हेंबर १९६७

भोजराज,

तुझं उत्तर मिळालं. 'मी कुण्या डॉक्टरला ओळखत नाही' हे वाक्य तू एकाच पत्रात दोनदा का लिहिलंस?

असो. डॉक्टर स्वतःच येऊन गेले. बिसेन म्हणजे आपल्या वारासिवनीकडचेच निघाले, सुटीवर घरी आले होते, तिथून सायकलने आले. मी विहाराच्या ओसरीत पोरांचे पाढे घेत होते. (शाळेने मला परत घेतलं नाही, हे तुला ठाऊक आहे. पण विहारात पाढे म्हणायला कुणाचा हुकूम लागत नाही.) पोटावर पट्टा ताणलेला, तिशीही न गाठलेला माणूस सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "लीलाबाई आपणच का?"

मी आधी शेजारच्या तुळसाबाईला हाक मारली आणि कानात सांगितलं, नाक्यावर इस्पितळाची मोटार उभी आहे का बघून ये. ती पदर खोचून गेली आणि सगळ्या वस्तीला ऐकू येईल अशा आवाजात परत आली. "काही मोटर-गिटर नाई वो बाई! एक बंडी हाये कडब्याची. तिच्यात का तुले घालून नेतीन?"

डॉक्टर हसले. मी हसले नाही.

मी त्यांना सरळ विचारलं, पत्ता कुणी दिला? म्हणाले, जुन्या कागदांत होता. मी म्हटलं, मग इतक्या बायांमधून मीच का? ते म्हणाले, "बाई, आमच्या मुली रोगी बघतात ते आजारी असतानाच. घरी गेलेलं माणूस पुढे कसं जगतं, ते त्यांना कधी दिसतच नाही. मग त्यांना वाटतं, इथे आलेलं कुणी बरं होतच नाही. मुलींना असं वाटत राहिलं तर त्या कुणाला बरं तरी कशा करणार?"

बोलणं बरं होतं. फार बरं बोलणाऱ्यांचा मला धसका आहे. तिथे टेबलावर निजवून डोक्याला विजेची तार लावणारा माणूसही फार गोड बोलायचा.

मी अटी घातल्या. परतीचं तिकीट आधी माझ्या हातात. तुळसाबाई बरोबर. खोलीचं दार उघडं. वॉर्डाच्या फाटकाच्या आत मी जाणार नाही. ते प्रत्येक अटीला लगेच हो म्हणत गेले, आणि मला प्रत्येक 'हो'बरोबर जास्तच संशय येत गेला. शेवटी मी म्हटलं, मी पूर्ण बरी आहे असं तुम्ही लिहून द्याल का? त्यावर मात्र ते थांबले. म्हणाले, "आपण या तर आधी. मी जे बघेन तेच लिहीन."

म्हणजे बघणार आहेतच.

तुळसाबाई म्हणते, "जाय ना. काहून भेतं? मी हावो ना संग." तिला तिथली जाळी लावलेली फिरती फाटकं माहीत नाहीत, म्हणून भीती नाही. पण मी जाते आहे. कमलेसाठी जाते आहे, डॉक्टरांच्या चहासाठी नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

लीला

*

बालाघाट,
१७ डिसेंबर १९६७

भोजराज,

मी परत आले. कडी लागली नाही. हे पत्र शेवटपर्यंत वाच. अर्ध्यात घडी करून खिशात टाकायची तुझी सवय मला माहीत आहे, कारण ती तुला लहानपणापासून आहे आणि तुला वाचायला मीच शिकवलंय.

वर्ग चांगला मोठा. बाकांवर वीसेक मुली, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, वह्या उघडलेल्या. मी टेबलाशी उभी राहिले आणि सवयीने हात खडूकडे गेला. कित्येक वर्षांनी मी फळ्यासमोर उभी होते, माझं मन भरून आलं, आणि मी ते कुणाला दिसू दिलं नाही. तिथे डोळ्यांत पाणी आलं की लगेच कुणीतरी नाडी बघायला येतं.

मी सगळं खरं सांगितलं. नवरा पुनाराम भरवेलीच्या खाणीत कामाला होता, तो टायफॉईडने गेला. त्यानंतर मला भर दुपारी रस्त्यावरून त्याची हाक ऐकू यायची. मी पोरीला कडेवर घेऊन त्या हाकेमागे निघायची. झोप नव्हती, जेवण नव्हतं. मी आजारी होते, खरीखुरी आजारी होते, ते मी लपवलं नाही. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. मी कमलेला रुळांच्या कडेला बसवून एकटीच पुढे चालत गेले होते, आणि तू धावत जाऊन तिला उचललंस. ते तुझं ऋण माझ्यावर आहे. म्हणूनच पुढचं लिहायला माझा हात जड झालाय.

मुली चांगल्या होत्या. एकीने विचारलं, "बाई, तुम्ही बऱ्या झालात हे कशावरून कळलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "ते मी सांगते." विमला सिस्टर. माझ्या वेळी वॉर्डात होती, आता त्या मुलींना शिकवते. जाडी झाली आहे, केस पिकलेत, पण बाई वाईट नाही, तेव्हाही नव्हती. तिने मुलींना सांगितलं. आमच्या वॉर्डात दर गुरुवारी संध्याकाळी आरती असायची आणि मग शिरा वाटायचे. ही लीलाबाई भात खायची, भाजी खायची, शिऱ्याला मात्र हात लावत नव्हती. आरतीला हात जोडत नव्हती, भिंतीकडे तोंड करून पुटपुटायची. शिऱ्यात विष घातलंय असा तिला संशय होता. हे संशयाच्या आजाराचं अगदी पक्कं लक्षण. शेवटी तिसऱ्या वर्षी एका गुरुवारी तिने हात जोडले, शिरा खाल्ला, आणि आम्हाला कळलं, बाई बरी झाली. महिन्याभरात घरी सोडली.

मुलींनी ते वह्यांत उतरवून घेतलं.

भोजराज, मी काय पुटपुटायची ते तुला ठाऊक आहे. छप्पन्न साली नागपूरला आपण दोघं शेजारी उभे राहून ज्या बावीस प्रतिज्ञा बोललो, त्या. डोकं ठिकाणावर नव्हतं तेव्हाही तेवढ्या मला पाठ होत्या, आणि त्यांना धरूनच मी बरी होत गेले. मी देवाचा प्रसाद खात नव्हते कारण मी बौद्ध आहे. विषबिष काही नव्हतं. शिरा तर फार चांगला असायचा, वास अजून आठवतो. ज्या गुरुवारी मी तो खाल्ला त्या दिवशी मी बरी झाले नव्हते, मी हरले होते.

मी सिस्टरला म्हटलं, शक्य तितक्या हळू आवाजात, "सिस्टर, मला कुणी विचारलं का नाही?"

ती म्हणाली, "तुला काय विचारणार? तू तेव्हा आजारी. आम्ही तुझ्या भावाला विचारलं ना. साहेबांबरोबर आला होता. तो म्हणाला, घरी ती रोज पूजा करते, प्रसाद खाते, हे असं नव्यानेच सुरू झालंय."

वीस पोरी माझ्याकडे बघत होत्या. डॉक्टर बघत होते. आणि माझ्या मनात काय चाललं होतं ते मी तोंडावर येऊ देऊ शकत नव्हते. तिथे उभं राहून मी जर ओरडले असते, की माझा भाऊ खोटं बोलला, माझ्याविरुद्ध बोलला, तर ते वाक्य मुलींनी लक्षण म्हणून लिहून घेतलं असतं. म्हणून मी हसले. म्हटलं, "भाऊ लहान होता, घाबरला असेल." आणि पाणी प्यायले.

निघताना एक मुलगी मागोमाग आली. तिने विचारलं, आत्ता वॉर्डात एक बाई आहे, मैनाबाई, हट्टा गावची, तीही गुरुवारी शिरा घेत नाही, तिचं काय करायचं? हट्ट्याची ती मंडळी मी ओळखते. दीक्षेला जाताना आपल्याच डब्यात होती, आठवतं? पोरगी काय विचारते आहे ते तिला स्वतःलाही कळत नव्हतं. मला कळलं. माझी तीन वर्षं तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आहेत, फक्त बाई दुसरी आहे.

तू असं का सांगितलंस? मला गोल गोल उत्तर नको.

लीला

*

बालाघाट,
७ जानेवारी १९६८

भोजराज,

तुझं आठ पानी पत्र मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा तू मला काही न लपवता लिहिलंस, याबद्दल तुला मानलं.

म्हणजे हे असं आहे तर. बौद्ध झालेल्यांना राखीव जागा नाही, म्हणून नोकरीच्या कागदावर तू हिंदू महार राहिलास. मला इस्पितळात घ्यावं म्हणून तुझ्या साहेबांनी, बडेबाबूंनी, शब्द टाकला होता, ते तुझ्या बाजूलाच उभे होते, आणि सिस्टरने विचारलं, घरी प्रसाद खाते का. नवी नोकरी, शेजारी बडेबाबू. तू म्हणालास हौ, खाते. पुढे एकटा आलास तेव्हाही खरं सांगता आलं असतं. तू लिहितोस, 'एकदा सांगतलं ते बदलवाची हिंमत झाली नाई, ताई.' एवढं एकच वाक्य तू आपल्या बोलीत लिहिलंस, आणि तेवढंच मला पटलं.

आता पोस्टकार्डाचंही कळलं. मला वाटत होतं तुला माझ्या वेडाची लाज वाटते. तुला भीती होती ती माझ्या वरच्या ओळीतल्या जयभीमची. मी तो लिहिणंच सोडून दिलं होतं, तुझ्या पत्रांत नसतो म्हणून.

पण शेवटच्या पानावर तू जे लिहिलंस त्यावर माझा विश्वास बसायला वेळ लागतोय. कमलेलाही शाळेत तसंच लिहिलंय, तिची फी माफ आहे, शिष्यवृत्तीचा वजिफा मिळतो, मी इस्पितळात तोंड उघडलं तर चौकशी होईल, तुझी नोकरी जाईल आणि पोरीची शाळा सुटेल. खरं आहे का हे? की पोरीला पुढे करून तू माझं तोंड बंद करतोस? मागे डॉक्टरला पुढे करून माझे पाय बंद केले होतेस. मला तुझा राग येतो. इतका येतो की काल भाकरी थापताना परात फुटते की काय असं वाटलं. तुळसाबाई म्हणाली, "कोनाले मारून राह्यली वो?" मी म्हटलं, भावाला.

मी चार बाजूंनी विचार करून पाहिला. गप्प बसले तर मैनाबाई माझ्यासारखीच शिरा खाईपर्यंत आत राहील. तिलाही घरी पोर असेल. बोलले तर कोण मानणार? एका बाजूला सरकारी बाबूचा शब्द, दुसऱ्या बाजूला त्याच इस्पितळात तीन वर्षं राहिलेली बाई. सिस्टर म्हणेल, बघा, चार वर्षांनी पुन्हा संशय, तोही सख्ख्या भावावर. आणि डॉक्टरांचा कागद माझ्या हाती यायच्या आधीच फाटेल. कमला गेलीच.

म्हणून मी बोलून उपयोग नाही. तू बोलायला हवं.

पुढच्या महिन्यात पाच तारखेला डॉक्टरांनी मला पुन्हा बोलावलंय. तू ये. तुझी कचेरी कुठली, हुद्दा काय, हे कुणी विचारणार नाही, मीही सांगणार नाही. फक्त वर्गात उभा राहा आणि त्या दिवशी सिस्टरला जे सांगितलंस ते खरं नव्हतं, एवढं सांग. तू येणार नाहीस असंच मला वाटतंय. सीता येऊ देणार नाही, नाहीतर साहेब सुटी देणार नाहीत, नाहीतर नेमका ताप येईल.

मला खोटी पाड.

लीला

*

बालाघाट,
१२ फेब्रुवारी १९६८

भोजराज, जयभीम.

तू गाडी गाठायला म्हणून लगेच निघून गेलास, म्हणून नंतर काय झालं ते तुला माहीत नाही. ते सांगते, पण आधी तुझं सांगते.

तू दारात दिसलास तेव्हा मला खरं सांगायचं तर आनंद झाला नाही. मला वाटलं, डॉक्टरांना काही वेगळंच सांगायला आला आहेस. तुझा कोट कचेरीचा, हातात छत्री, कपाळावर घाम. तुळसाबाई माझ्या कानात म्हणाली, "हा तर आपल्या मयतीले आल्यावानी दिसून राह्यला." तू उभा राहिलास आणि घसा खाकरून हिंदीत सुरुवात केलीस, की बहनजी का मामला ऐसा है कि. मी मनात म्हटलं, संपलं.

पण पुढे तू म्हणालास, तेव्हा मी सांगितलं ते खरं नव्हतं, आणि विमला सिस्टरने तुला मध्येच थांबवून विचारलं, "बाईंनी सांगितलं म्हणून असं म्हणता का तुम्ही?" डॉक्टरही मान हलवत म्हणाले, "भोजराजजी, बहिणीच्या समाधानासाठी घरचे लोक कधीकधी तिचंच म्हणणं धरतात. आम्ही समजू शकतो."

तुझा चेहरा मी बघत होते. आपण खरं बोलतोय आणि समोरचे लोक अगदी मायेने आपल्याला खोटं ठरवताहेत, हे कसं असतं ते तुला तेव्हा कळलं. मला ते तीन वर्षं कळत होतं. बरं वाटलं मला, वाईट बहीण म्हण हवं तर.

मग तू ओरडलास. आपल्या बापासारखा, आपल्या बोलीत, छत्री बाकावर आपटून. "मायी बहीण बुद्धाची हाये! मीबी हावो! मी नोकरीपायी खोटं बोललो, साहेब बाजूले होता म्हनून बोललो. तिनं शिरा नाई खाल्ला ते तिचं बरोबर होतं. हे मले कोनी सांगाले नाई लावलं!" वीस पोरींच्या लेखण्या थांबल्या. तू रडत होतास. मी उठून तुला धरलं नाही, कारण मी उठले असते तर मीही रडले असते आणि मग त्या खोलीत दोन रोगी झाले असते. सिस्टर खुर्चीवर बसली. मग मला म्हणाली, "लीला, मी तुलाच विचारायला हवं होतं गं." मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार? माझी तीन वर्षं तिच्याकडेही परत द्यायला नव्हती.

तू गेलास. आता पुढचं ऐक.

मी डॉक्टरांना म्हटलं, चला, आता मैनाबाईला विचारा. फाटकाच्या आत जाणार नाही अशी माझी अट होती, म्हणून त्यांनी तिला बाहेर व्हरांड्यात आणलं. मुली भोवती उभ्या. हडकुळी बाई, पंचवीसेक वर्षांची, डोळे एकसारखे फिरताहेत. मला तिच्यात मीच दिसत होते. मी तिच्यासमोर बसले, जयभीम केला. तिनेही केला. मी मुलींकडे वळून अगदी मास्तरणीच्या तोऱ्यात पाहिलं, बघा, असं विचारायचं असतं. आणि म्हटलं, "मैनाबाई, तू गुरुवारचा शिरा काहून नाई खात? प्रतिज्ञा घेतली म्हनून ना?"

ती म्हणाली, "प्रतिज्ञेचं काय घेऊन बसली बाई? त्यात ईख हाये. मायी जाऊ रोज येऊन कालवून जाते. तुमच्या हातातल्या च्यातबी हाये."

माझ्या हातात चहाचा ग्लास होता.

भोजराज, मागची एक पोर फिसकन हसली, तिने तोंडावर हात घेतला. डॉक्टर खाली बघू लागले. तुळसाबाई म्हणाली, "घ्या!" आणि मला असं हसू फुटलं की बस. तुला जबलपूरहून ओढून आणला, तुझी नोकरी पणाला लावली, तू भर वर्गात रडलास, आणि जिच्यासाठी हे सगळं केलं ती बाई खरोखरच विषाच्या भीतीने शिरा खात नव्हती. मी साफ चुकले होते. चहाचा पुढचा घोट घ्यायला मला जरा वेळ लागला, हे फक्त तुला सांगते.

विमला सिस्टरनेच मग आतून एक न सोललेलं केळं आणून मैनाबाईच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, स्वतः सोललं आणि खाल्लं. माझ्यापेक्षा सिस्टरला तिचं जास्त कळलं होतं. एका मुलीने मला विचारलं, "बाई, मग विचारून काय फायदा झाला?" मी म्हटलं, अगं, आता तिला तिचं औषध मिळेल. माझं औषध तिला दिलं असतं तर ती उपाशी राहिली असती.

घरी येताना गाडीत माझ्या लक्षात आलं. त्या जागेत मी इतकी वर्षं जे काही केलं, हसले, रडले, गप्प बसले, बरोबर बोलले, त्या प्रत्येक गोष्टीला आजाराचं नाव मिळालं होतं. त्या दिवशी मी वीस जणींसमोर ढळढळीत चुकले, आणि कुणीही ते लिहून घेतलं नाही. बाई चुकली, एवढंच. चारचौघांसारखी चुकली. मला वाटतं, बरं होणं म्हणतात ते हेच असावं.

निघताना डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. म्हणाले, लिहून देतो, आपण पूर्ण बऱ्या आहात. मी तो घेतला नाही. त्यांचा हात धरला आणि म्हटलं, राहू द्या. आई असल्याचा कागद दुसऱ्या कुठल्या बाईला लागतो? सीताने कधी दाखवलाय का?

तेव्हा आता कागद मागू नकोस. कमलेचं शाळेत काय लिहिलंय ते तसंच असू दे सध्या. तिचा धर्म तिने ठरवावा, पण त्याआधी तिला सगळं ठाऊक असायला हवं, आणि ते मी सांगेन. शाळेचं वर्ष तुझ्याकडे पुरं होऊ दे, परीक्षा झाली की तिला घेऊन येईन. हिंदी बोलते तर हिंदी बोलू, वस्तीतली निम्मी पोरं हिंदीच बोलतात. पण येत्या रविवारी मी तिला भेटायला येतेय. कोणत्या गाडीने ते लिहीत नाही. तू आता बदललास असं मला वाटतंय, पण मैत्रिणीवर माझा अजून भरवसा नाही.

दार वाजलं की कमलेलाच उघडू दे. ती मला ओळखणार नाही, मला ठाऊक आहे. तू मागून 'ही तुझी आई' असं सांगू नकोस, सीतालाही सांगू देऊ नकोस. दोघं आत बसा. मी कोण आहे, ते तिला मी सांगेन.

तुझी ताई,
लीला